घर आपले, संस्थाही आपलीच
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांची उत्तरेतील कामगिरी अशा रसाळ विषयांनी आपल्याला तृप्त केले आहे. त्या पंगतीत माझा विषय म्हणजे श्रीखंडपुरीच्या पानात वाढलेली कारल्याची भाजी होय. परंतु कारले प्रकृतीस हितकर असते, आणि कार्यवाहांनी मुद्दाम हाच पदार्थ सांगितला असल्यामुळे मी निःसंकोचपणे वाढतो. विषय आहे, आपण राहतो त्या इमारतीची संस्था कायद्याने कशी उभारावी आणि ती कशी चालवावी. मी वकील नव्हे. मी कला शाखेचा पदवीधर. सरकारी सेवेत नियम आणि उपनियम वाचण्यात आयुष्याची तीस वर्षे गेली, एवढाच माझा अधिकार.

आपल्यापैकी पुष्कळजण नोकरीच्या निमित्ताने या राजधानीत आले, वर्षानुवर्षे सरकारी निवासस्थानांत राहिले आणि निवृत्तीच्या सुमारास भविष्यनिर्वाह निधीची व उपदानाची रक्कम घालून एक सदनिका घेऊन बसले. कोणी द्वारकेत, कोणी पटपडगंजला, कोणी शेजारच्या नोएडात, तर कोणी गुरुग्राममध्ये. गावाकडचे घर भावाकडे राहिले, शेती चुलत्यांनी पाहिली. या परमुलखात आपली म्हणावी अशी स्थावर मिळकत काय ती एवढीच. ती सुरक्षित आहे किंवा नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ कागदपत्रांचा नाही, तो आपल्या उतारवयाचा आणि आपल्यामागे राहणाऱ्या माणसांचा आहे.

प्रथम आपण विकत घेतो काय, ते पाहू. वाड्याचा मालक भिंतींचा, छपराचा, अंगणाचा, विहिरीचा आणि खालच्या जमिनीचाही मालक असे. सदनिकेच्या मालकाचे तसे नाही. चार भिंतींमधील जागा त्याच्या एकट्याच्या वहिवाटीची. परंतु जमीन, पाया, खांब, जिना, लिफ्ट, गच्ची, पाण्याची टाकी, मलवाहिन्या आणि आवार यांत त्याचा हिस्सा असतो तो इतरांसह, अविभक्त. हा हिस्सा वाटून घेता येत नाही आणि सदनिकेपासून वेगळा करून विकताही येत नाही. जिन्याच्या तीन पायऱ्या माझ्या आणि चार तुमच्या, असे कोणी म्हणू शकत नाही. तेव्हा आपल्या मिळकतीचा मोठा भाग आपल्या उंबरठ्याबाहेर आहे, आणि तो सांभाळण्यास एकटा मालक असमर्थ आहे. त्यासाठी संस्था लागते. करारपत्रातील क्षेत्रफळाचा आकडा आपण चारचारदा तपासून पाहतो, पण ही संस्था कोणती, ती कोणत्या कायद्याने जन्मास आली, हे क्वचितच कोणी विचारतो. आजच्या भाषणाचे सार सांगायचे तर ते एवढेच की, हा प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा.

आपण मराठी माणसे हा प्रश्न का विचारत नाही, त्यालाही कारण आहे. ‘सोसायटी’ हा शब्द आपण मुंबई-पुण्याहून बरोबर आणला आहे. तिकडे सहकारी गृहनिर्माणाची परंपरा जुनी. मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली आणि श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी या चळवळीला आकार दिला. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, आणि १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याने इमारत बांधणाऱ्यावर दोन बंधने घातली. त्याने गाळेधारकांची सहकारी संस्था अथवा कंपनी स्थापन करून द्यावी, आणि जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण करून द्यावे. त्यामुळे तिकडे इमारत म्हटली की सहकारी सोसायटी, हे समीकरण मनात पक्के बसले. महाराष्ट्राची सीमा ओलांडल्यावर शब्द तोच राहतो, पण त्यामागचा कायदा बदलतो. सहकारी संस्था आणि जमीन हे दोन्ही राज्यसूचीतील विषय असल्यामुळे हे अपरिहार्य आहे.

स्थूलमानाने या संस्थांचे तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार सहकारी संस्थेचा. दिल्लीत अनेक सरकारी कर्मचाऱ्यांनी अशा समूह गृहनिर्माण संस्था काढल्या व त्यांना दिल्ली विकास प्राधिकरणाने जमीन पट्ट्याने दिली. त्यांना पूर्वी १९७२ चा दिल्ली सहकारी संस्था अधिनियम लागू होता, त्याच्या जागी आता २००३ चा अधिनियम आहे. येथे तत्त्व एकच, सभासद एक आणि मत एक, मग त्याची सदनिका केवढीही असो. वर निबंधकाची देखरेख असते आणि सभासद व संस्था यांच्यातील तंटा सोडविण्याचा मार्ग कायद्यातच घालून दिलेला असतो. मात्र देखरेख आहे म्हणून सभासदाने निश्चिंत राहावे असे नाही. याच दिल्लीत बंद पडलेल्या गृहनिर्माण संस्था खोट्या सभासद-याद्यांच्या आधारे पुनरुज्जीवित करून जमिनी पदरात पाडून घेण्याचे प्रकार उघडकीस आले, आणि २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. ज्या संस्थेत खरे सभासद सभेला येत नाहीत, तिथे खोटे सभासद कागदावर सहज येतात, हा त्यातील धडा होय.

दुसरा प्रकार गाळेमालक संघाचा. याचा आधार म्हणजे त्या त्या राज्याचा गाळेमालकी कायदा. महाराष्ट्रात तो १९७० चा आहे, कर्नाटक व पश्चिम बंगाल येथे १९७२ चा, हरियाणात १९८३ चा, दिल्लीसाठी संसदेने केलेला १९८६ चा, आणि उत्तर प्रदेशात २०१० चा. या पद्धतीत प्रत्येक गाळ्याबरोबर सामाईक भागांतील हिश्शाचे प्रमाण घोषणापत्रात नमूद करून ते नोंदविले जाते. मालकी ज्याची त्याचीच राहते, संघाकडे येते ती व्यवस्था. उत्तर प्रदेशाच्या कायद्यात संघ स्थापन करणे ही बांधणारा आणि गाळेमालक या दोघांची संयुक्त जबाबदारी मानली आहे. इमारत पुरी होऊन पूर्णत्वाचा दाखला मिळाला आणि संघाला आवश्यक तेवढे किंवा ३३ टक्के, यांपैकी जास्त असतील तितके गाळे मालकांच्या हाती गेले, की बांधणाऱ्याने संघाची नोंदणी करून द्यावयाची असते.

तिसरा प्रकार रहिवासी कल्याण संघाचा. त्याची नोंदणी बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली होते. हरियाणात मात्र २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. १८६० च्या कायद्याखाली सात माणसांनी एकत्र येऊन उद्देशपत्र व नियमावली सादर केली की संस्था जन्मास येते. आपले हे मंडळही त्याच कायद्याचे अपत्य. वस्तीतील दिवे, सफाई, पहारा यांसाठी हा संघ उपयोगी पडतो. पण तो जमिनीचा मालक नसतो, त्यात भाडेकरूही सभासद असू शकतात, आणि वसाहतीतील प्रत्येक घरमालकावर त्याचे नियम आपोआप बंधनकारक होत नाहीत. येथे एक घोटाळा टाळावा. उत्तर प्रदेशात गाळेमालक संघाची नोंदणीही १८६० च्या कायद्याखालील निबंधकाकडेच होते. म्हणून केवळ नोंदणी-पत्रावरील कायद्याचे नाव पाहून भागत नाही. संघाचे उपविधी गाळेमालकी कायद्याला धरून आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते.

म्हणजे पाहा, आपल्यापैकी एकजण द्वारकेत, दुसरा नोएडात आणि तिसरा गुरुग्राममध्ये राहतो. गणेशोत्सवात तिघे एका आरतीला उभे राहतात, तिघेही ‘आमची सोसायटी’ असेच म्हणतात, आणि तिघांचे कायदे मात्र तीन. एकाचा अनुभव दुसऱ्याला सल्ला म्हणून जसाच्या तसा देणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला पाजणे होय.

या विविधतेवर एक समान छत्र आले ते २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचे, ज्याला आपण रेरा म्हणतो. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांनी त्यातील काही गोष्टी स्मरणात ठेवाव्यात. स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर बहुसंख्य गाळ्यांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्रवर्तकाने गाळेधारकांचा संघ स्थापन होऊ दिला पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत सदनिकेचे खरेदीखत खरेदीदाराला आणि सामाईक भागांचा हक्क संघाला करून दिला पाहिजे, आणि नकाशे व कागदपत्रे तीस दिवसांत सोपविली पाहिजेत. संघाने कारभार हाती घेईपर्यंत वाजवी शुल्कात आवश्यक सेवा चालू ठेवणे ही प्रवर्तकाची जबाबदारी. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळून तो नजरेस आणून दिला, तर तीस दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्ती त्यानेच करावयाची. तक्रार नेण्याचा अधिकार व्यक्तीप्रमाणे संघालाही आहे. परंतु याच कायद्यात आणखी एक कलम आहे, त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. गाळेधारकाने संघ स्थापनेत सहभागी व्हावे, हे कायद्याने त्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हक्कांची यादी आपण पाठ करतो. कर्तव्याचे हे कलमही त्याच पानावर छापलेले आहे.

आता संस्था उभारण्याचा क्रम सांगतो. प्रथम सर्व मालकांची नावे, सदनिकेचा क्रमांक आणि खरेदीखताचा तपशील यांची सूची करावी. मग त्या राज्यात कोणता कायदा लागू पडतो, ते जाणकाराकडून लेखी घ्यावे. आदर्श उपविधी उपलब्ध असतील तर तेच पायाभूत धरावेत, आणि त्यांत फेरफार करण्यापूर्वी ते सर्वांना वाचावयास द्यावेत. उपविधी म्हणजे सभासद आणि संस्था यांच्यातील करार. एकदा स्वीकारल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. त्यानंतर रीतसर सूचना काढून सभा भरवावी, हंगामी समिती निवडावी, नोंदणीचा अर्ज करावा, आणि नोंदणी झाल्यावर संस्थेच्याच नावे बँकेत खाते उघडावे.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडा भर देतो. माझ्या परिचयाच्या एका इमारतीत तीन वर्षे नोंदणीवाचून वर्गणी गोळा होत होती, आणि पैसे तिघा सज्जनांच्या संयुक्त खात्यात जमा होत. तिघेही निष्कलंक. पुढे त्यांपैकी एकाचे निधन झाले, आणि बँकेने वारसांचे कागद मागितले. लिफ्टच्या दुरुस्तीचा पैसा अडकून पडला, आणि दुःखात असलेल्या त्या घरी सहीसाठी माणसे पाठविण्याचा प्रसंग शेजाऱ्यांवर आला. कोणाच्याही प्रामाणिकपणाबद्दल शंका नव्हती, उणीव होती ती केवळ संस्थेला कायद्याचे अस्तित्व नसण्याची.

प्रवर्तकाकडून कारभार घेताना याद्या करून घ्यावा. मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, लिफ्ट व विद्युत् यंत्रांचे कागद, देखभालीचे करार, पाणी व वीज यांची देयके, आणि आगाऊ घेतलेल्या देखभाल-रकमेचा हिशेब. जे मिळाले त्याची पोच द्यावी, जे मिळाले नाही त्याची नोंद करून पत्र पाठवावे. फुलांचे हार घालून किल्ल्या घेतल्या आणि यादी केलीच नाही, असे पुष्कळ ठिकाणी घडते. हार दुसऱ्या दिवशी सुकतात, यादी मात्र वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

संस्था उभी राहिल्यावर ती चालविण्याचा प्रश्न येतो, आणि बहुतेक भांडणे पैशावरून होतात. वर्गणी समान असावी की क्षेत्रफळाप्रमाणे? महाराष्ट्रातील सहकारी संस्थांत सेवाशुल्क सर्वांना समान असते. गाळेमालकी कायद्यांत सामान्यतः सामाईक खर्च हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो. पुण्याहून आलेल्या गृहस्थाला ही पद्धत अन्यायाची वाटते. पण ती त्या कायद्याची पद्धत आहे, अन्याय नव्हे. किरकोळ दुरुस्तीचा पैसा आणि सिंकिंग फंड यांचे हिशेब निराळे ठेवावेत. आजची वर्गणी कमी ठेवून लोकप्रिय होणारी समिती वीस वर्षांनंतरच्या रहिवाशांवर कर्ज टाकून जाते.

थकबाकीदाराचे पाणी किंवा वीज तोडण्याचा मोह अनेक समित्यांना होतो. तो आवरावा. जीवनावश्यक सुविधा बंद करणे हा वसुलीचा मार्ग नव्हे, आणि न्यायालयात समितीचीच बाजू त्यामुळे लंगडी पडते. सहकारी कायद्यात वसुलीची रीत दिलेली आहे, गाळेमालकी कायद्यांत थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा त्या गाळ्यावर चढतो, आणि १८६० च्या कायद्याखालील संस्था थकलेल्या वर्गणीसाठी सभासदावर दावा लावू शकते. हे मार्ग संथ आहेत. पण सरळ आहेत.

वाहनतळाचा प्रश्नही असाच. खांबांवर उभ्या केलेल्या इमारतीखालची मोकळी जागा म्हणजे स्वतंत्र सदनिका नव्हे, आणि प्रवर्तकाला ती सुटी करून विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याच्या संदर्भात दिला. रेरामध्येही उघडे वाहनतळ सामाईक भागांत गणलेले आहेत. त्यांची वाटणी संस्थेने नियम करून करावी; जो आधी गाडी लावील त्याची जागा, हा नियम नव्हे.

आता भगिनींनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा. सहकारी संस्थेत सभासदाने आपल्या पश्चात कोणाचे नाव लागावे, याचे नामनिर्देशन करून ठेवावयाचे असते. पुष्कळ घरांत ते केलेलेच नसते, किंवा वडिलांच्या काळातील नाव तसेच राहिलेले असते. पश्चिम बंगालच्या कायद्याखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की, संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे हिस्सा करून दिला पाहिजे, परंतु वारसांचे मालकीविषयक हक्क त्यामुळे संपुष्टात येत नाहीत. अर्थ असा की, नामनिर्देशनामुळे संस्थेचे दार उघडते, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. म्हणून दोन्ही करावे. नाशिकला, इंदूरला किंवा परदेशी असलेल्या मुलांनी येथील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू नयेत, अशी इच्छा असेल तर घरी गेल्यावर आजच ती फाईल काढून पाहावी. आणि शक्य असेल तेथे खरेदीखतावर पतिपत्नी दोघांची नावे असावीत.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वभावाविषयी. परप्रांतातील इमारतीत आपण संख्येने थोडे असतो. सभा हिंदीत किंवा इंग्रजीत चालते, आवाज चढतात, आणि आपला मराठी माणूस ‘नसती उठाठेव कशाला’ म्हणून घरी बसतो. वर्गणी मात्र पहिल्या तारखेस भरतो. हा सज्जनपणा झाला, पण मालकपणा नव्हे. सर्वसाधारण सभेच्या सूचनेत विषयपत्रिका मागावी, हिशेब तपासून घ्यावेत, आपला विरोध असेल तर तो शांतपणे सांगून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही, एक पेन पुरते. आणि आपण मराठी म्हणून वेगळा कंपू करू नये. जिना पंजाब्याचाही आहे, बंगाल्याचाही आहे आणि तमिळाचाही आहे. सर्वांना समजेल अशा भाषेत नियम लिहून ठेवणे, हा शेजारधर्माचाच भाग आहे.

या कामासाठी आदर्श शोधायला लांब जाण्याचे कारण नाही. ज्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव आपण साजरा करीत आहोत, ते पन्नास वर्षे टिकले ते केवळ नाटके आणि हळदीकुंकवावर नव्हे. दरवर्षी सभा भरली, दरवर्षी हिशेब वाचले गेले, कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे वेळेवर गेली, आणि जुन्या चिटणिसाने नव्या चिटणिसाच्या हाती इतिवृत्ताच्या वह्या मोजून दिल्या. ज्यांनी हे येथे केले, त्यांना आपल्या इमारतीत तेच करणे अवघड नाही. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने पुढील वार्षिक सभेस हजर राहण्याचे ठरविले, तरी माझी कारल्याची भाजी सत्कारणी लागली असे मी समजेन.